पिंजून काढलेला सोफा

मी सांगलीहून परत आले तेव्हा आमच्या अंगणात सोफ्याचं पोट फाडून ठेवलं होतं.

आतलं सगळं गवत ताडपत्रीवर पसरलेलं होतं आणि दोन माणसं ते काठ्यांनी बडवत होती. वरची पांढरी लोकर कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात टाकली होती, उडू नये म्हणून तिच्यावर विटा ठेवल्या होत्या. अंगणभर समुद्राचा खारट वास सुटला होता. इचलकरंजीला समुद्र नाही, त्यामुळे शेजारच्या बायका गच्चीवरून वाकून बघत होत्या. आणि या सगळ्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून माझे सासरे उभे होते. आप्पासाहेब मगदूम, यंत्रमागांचे मालक. आपल्याला कापडातलं कळतं म्हणजे जगातलं सगळं कळतं, अशी त्यांची समजूत होती.

"हाण की जोरात," ते गादीवाल्याला सांगत होते. "जेवला न्हाईस काय? एक गुठळी ऱ्हाता कामा नये."

मी फाटकातूनच ओरडले, "आप्पा, हे काय चाललंय?"

"काय म्हंजे? सोफा पिंजून घेतोय. पार बसला होता. उद्या ती डेन्मार्कची बाई येणार न्हवं?"

"अहो, तो किती बसलाय तेच तर बघायला येतीय ती!"

आप्पांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पद्मजा, कुठला पावणा आपल्या घरातली घाण बघाय येतो सांग बघू?"

पाहुणा यायचा म्हटलं की घर घासायचं, पडदे बदलायचे, आणि आपण या घरात राहतो याचा एकही पुरावा शिल्लक ठेवायचा नाही, हे त्यांच्या रक्तातच होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसले. माझं कोपनहेगन त्या ताडपत्रीवर काठ्या खात होतं.

तो सोफा आमच्या घरी कसा आला ते सांगायला हवं.

मी पुण्यात कापडाचं डिझाइन शिकले होते. पुढे लग्न होऊन इचलकरंजीत आले. माझ्या नवऱ्याला, भरतेशला, बायको शिकलेली हवी होती. शिकून तिनं काही करावं असं त्याचं म्हणणं नव्हतं, नुसती शिकलेली हवी होती. एके दिवशी मला इंटरनेटवर कोपनहेगनच्या एका छोट्या कार्यशाळेची जाहिरात दिसली. बिर्गिटे नावाची बाई ती चालवायची. तिनं एक प्रयोग काढला होता. लाकडी सांगाड्यात समुद्रातलं वाळवलेलं गवत भरायचं, त्यावर सैल विणीची जाड पांढरी लोकर घालायची आणि असे पाच सोफे जगातल्या पाच घरांत वर्षभर ठेवायचे. स्प्रिंग नाही, फोम नाही, रंग नाही. घरातली माणसं जशी बसतील तसा तो सोफा होत जाणार. वर्षानंतर पाचही सोफे परत नेऊन त्यांचं प्रदर्शन भरवायचं, आणि प्रत्येक घरातल्या एका माणसानं तीन महिने कार्यशाळेत येऊन पुढचा सोफा बनवायला हात लावायचा. अटी दोनच होत्या. सोफ्यावर कव्हर घालायचं नाही, आणि त्याला मुद्दाम साफ करायचं नाही.

आता खरं सांगायचं तर मला त्या प्रयोगाचंही हसूच आलं होतं. अर्जात एक प्रश्न होता, "तुमच्या घरातल्या बसण्याचा स्वभाव कसा आहे?" पोट भरलेल्या माणसांना सुचतात असले प्रश्न. त्यांच्या त्या खोल्याही मी फोटोत पाहिल्या होत्या. एवढ्या मोठ्या खोलीत एक सोफा, एक दिवा आणि खिडकीत एक काटकी. या लोकांची भांडी कुठे असतात, वाळत घातलेले कपडे कुठे असतात, देव जाणे. पण मला जायचं होतं. त्या खोलीची, त्या काटकीची कितीही थट्टा केली तरी मला तिथं जाऊन हातानं काहीतरी बनवायचं होतं. मी अर्ज भरला आणि आमचं घर निवडलं गेलं. घरात मी तीन महिन्यांचं बोलले तेव्हा आप्पा म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." भरतेश फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "आप्पा म्हणतात तसं बघू."

सोफा मात्र दोघांनाही पसंत पडला. आल्यागेल्याला आप्पा सांगायचे, "डेन्मार्कचा हाय. खास मागवला." इचलकरंजीच्या उन्हाळ्यात लोकरीच्या सोफ्यावर बसणं म्हणजे अंगावर घोंगडी घेऊन चुलीपुढे बसण्यासारखं होतं. पण आप्पा घाम पुसत तासन्‌तास बसायचे. भिंतीकडच्या टोकाला ते, खिडकीकडच्या टोकाला भरतेश, मागे रेलून, पाय लांब करून. दोघांच्या जागा परातीसारख्या खोल झाल्या होत्या. मी रोज ते खड्डे बघायचे आणि मनात म्हणायचे, बसा, आणखी बसा, माझं तिकीट तयार होतंय.

आणि आता ते खड्डे गादीवाला बडवून सपाट करत होता.

"परत भरतील तेव्हा निदान पहिल्यासारखं तरी भरायला सांगा," मी आप्पांना म्हणाले.

"पहिल्यापेक्षा भारी भरतील," आप्पा म्हणाले. "त्या डेन्मार्कवाल्यांस्नी गादी भरायची अक्कल न्हाई. चार कडांना कमीच घातलंय गवत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिर्गिटे आली. उंच, पन्नाशीची, अंगात पोत्यासारखा काळा झगा, चेहऱ्यावर पावडरचा कण नाही. सासूबाईंनी तिला दारात कुंकू लावायला ताट तयार ठेवलं होतं, पण कपाळावर आलेले केस बाजूला करू का नको हे त्यांना कळेना. शेवटी मी पुढे होऊन ते केस धरले. मग तिचं जोडे काढणं, तिला पाणी देणं, पंखा की एसी हे विचारणं, सगळं पार पडलं. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. भरतेशला समजायचं, पण बोलायची लाज वाटायची. त्यामुळे मधे बोलायला मीच होते.

सोफा गुबगुबीत झाला होता. लग्नाच्या रुखवतात मांडतात तसा तो मांडला होता. मधोमध सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमालही होता.

"सांग तिला," आप्पा म्हणाले, "वरीस झालं, पर एक डाग न्हाई. अशी वस्तू ठेवणारी माणसं तुझ्या देशात दाव म्हणावं."

मी बिर्गिटेला एवढंच सांगितलं की यांनी सोफ्याची फार काळजी घेतली.

बिर्गिटेनं तो रुमाल दोन बोटांनी उचलला आणि बाजूला ठेवला. सोफ्यावर हात दाबून बघितला. तिचा चेहरा उतरला.

"याला कोणी उघडलंय?" तिनं विचारलं.

"हो. गवत बाहेर काढून, उन्हात वाळवून, परत भरलंय. आमच्याकडे गाद्यांचं तसं करतात."

"का?"

"तुम्ही येणार म्हणून."

तिनं दुसऱ्या टोकालाही हात दाबून बघितला. "काय म्हणतीया?" आप्पांनी विचारलं.

"बघतीय," मी म्हणाले.

"बघू दे, बघू दे. नवाकोरा केलाय."

मग बिर्गिटे हळू आवाजात बोलायला लागली. ही माणसं रागावली की आवाज आणखी खाली नेतात, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला उगीचच जास्त अपराधी वाटतं. ती म्हणाली, बाकीच्या चार घरांतले सोफे तिनं पाहिलेत. प्रत्येकात कोणीतरी राहत होतं. एकात कुत्रा राहत होता, एकात एक म्हातारा. "या सोफ्यात कोणी राहिलेलंच नाही," ती म्हणाली. "मी हा नेऊ शकत नाही. आणि मग तुम्ही तिकडे येण्यालाही अर्थ उरत नाही. मला वाईट वाटतं, पण पुढचा सोफा आम्ही या खुणांवरूनच बनवणार आहोत. तुम्ही खुणेशिवाय येऊन काय करणार?"

मी आप्पांकडे पाहिलं. ते कौतुक ऐकायला तयार होऊन, मिशीला हात लावून बसले होते. इतका तिटकारा मला आयुष्यात दुसऱ्या कुणाचा आला नसेल. आणि त्या काळ्या पोत्याचाही आला. कोण ही, आमच्या घरात कोणी राहिलं की नाही ठरवणारी? पण माझे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी सरबताचे ग्लास उचलायच्या निमित्तानं आत गेले.

आत सासूबाई पोहे परतत होत्या.

"नाराज झाली व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"मी म्हटलो होतो यांना, पिंजू नका म्हणून."

"कधी म्हटलात?"

"मनात," त्या म्हणाल्या, आणि बशा पुसायला लागल्या.

या बाईंचीही मला चीड यायची, ती अशी. सगळा जन्म मनातल्या मनात बोलण्यात गेलेला. सोफ्यावरसुद्धा नीट बसायच्या नाहीत. अगदी कडेला, चार बोटांवर टेकायच्या, मांडीवर शेंगांचं ताट, डोळे टीव्हीवरच्या मालिकेत आणि कान आप्पांच्या हाकेकडे. हाक आली की उठल्याच. कधीकधी हाक यायच्या आधीच उठायच्या. वर्षभर मी ते बघत होते आणि मनात म्हणत होते, एवढा डेन्मार्कहून सोफा आला, पण बाईंना अजून पाठ टेकायला जमत नाही. मी नव्हते बाई तशी. मी शिकलेली होते.

पोह्यांच्या बशा घेऊन मी बाहेर आले तर बिर्गिटे जमिनीवर बसली होती. सोफ्याच्या पुढच्या कडेवर तिनं तळहात ठेवला होता आणि ती तो इंच इंच सरकवत होती. एका जागी तिचा हात थांबला. थोडा पुढे गेला, पुन्हा थांबला.

"इकडे या," ती म्हणाली. आवाज बदलला होता.

मी बशा ठेवल्या आणि गेले.

"हात लावा इथे."

मी लावला. वरची लोकर सगळीकडे मऊ, सैल होती, पण कडेच्या त्या वीतभर तुकड्यात ती घट्ट, गुळगुळीत झाली होती. धनगरांच्या घोंगडीसारखी. पांढऱ्यावर पांढरीच, म्हणून डोळ्यांना दिसली नव्हती. आणि हातभर अंतरावर तशीच आणखी एक जागा होती. दोन्ही स्वयंपाकघराच्या दाराकडच्या बाजूला.

"हे तुमच्या गादीवाल्याला काढता आलं नाही," बिर्गिटे म्हणाली. "हे कोणालाच काढता येत नाही. गवत दबतं, परत फुगवता येतं. पण लोकर घासून अशी झाली की झाली."

"इथे कोणीतरी फार बसत असेल," मी म्हणाले.

"नाही, नाही." तिनं जोरात मान हलवली. "बसून असं होत नाही. जो बसून राहतो त्याचा नुसता खड्डा पडतो. लोकर अशी व्हायला घासावी लागते. इथे कोणी बसलेलं नाही. इथून कोणीतरी उठलंय. दिवसातून कितीतरी वेळा, वर्षभर."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला त्या पाण्याचाही राग आला. आमच्या घरातल्या बाईचं उठणं म्हणजे हिला समुद्रकिनारी सापडलेला शिंपला वाटत होता. पण पाण्याबरोबर त्या डोळ्यांत दुसरंही काही होतं, आणि ते मला ओळखता आलं. हा सोफा आता ती नेणार होती.

"कोणाच्या जागा आहेत या?" तिनं विचारलं. "प्रदर्शनात प्रत्येक खुणेला नाव देणार आहोत आम्ही."

"काय झालं, काय झालं?" आप्पा पुढे आले.

मी सांगितलं. सोफ्यावर दोन खुणा राहिल्यात आणि त्या कोणाच्या ते बाईंना हवंय, त्या नावानं तिकडे लावणार आहेत.

"माझी असंल," आप्पा म्हणाले.

"तुमची नाही. तुमची गादीवाल्यानं काढली. या कडेच्या आहेत. उठून उठून पडलेल्या."

आप्पांच्या कपाळावर आठी आली. "मग शालनची असंल. कामवाली टेकत असंल आपल्या माघारी. कामवालीचं नाव लावणार व्हय तिकडं?"

"शालन खाली बसती," मागून सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आप्पांना मधे तोडून बोललेल्या मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्या पदराला हात पुसत पुढे आल्या, वाकल्या आणि पहिल्या जागेवर हात ठेवला.

"ही माझी हाय," त्या म्हणाल्या. "शेंगा सोलताना इथंच टेकतो मी."

मला माहीतच होतं. मी बिर्गिटेला त्यांचं नाव सांगितलं, रत्नमाला मगदूम, आणि तिनं ते लिहून घेतलं.

"आणि ही दुसरी?"

मी खांदे उडवले. "येणाऱ्या-जाणाऱ्यापैकी कोणाची तरी असेल."

"तुझी हाय," भरतेश म्हणाला.

सकाळपासून हा माणूस एक शब्द बोलला नव्हता. आता खिडकीपाशी उभा राहून, अंगठ्यानं फोन सरकवत, त्यानं ते इतक्या सहज सांगितलं, जणू कोणीतरी त्याला किती वाजले ते विचारलं होतं.

"माझी?" मी हसले. "काहीतरीच. मी त्या कोपऱ्यात बसते, पाय वर घेऊन. वाचायला."

"कधी?" भरतेशनं विचारलं.

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं, म्हणून विचारत होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मलाही आठवेना. सोफा आला त्या आठवड्यात एक पुस्तक घेऊन बसले होते, एवढं आठवलं. तेव्हा दाराची बेल वाजली होती. नंतर बसायचं मनात होतं. रोज मनात होतं.

मी त्या दुसऱ्या जागेकडे पाहत राहिले. तिथं बसून बघायची गरज नव्हती, पाय कुठे टेकतात आणि डावा हात कुठे रेटून आपण उठतो, हे बघतानाच माझ्या अंगाला कळत होतं.

सासूबाईंनी आपल्या जागेवरून बोटं फिरवली, मग माझ्या जागेवरून फिरवली. पुन्हा आपल्या, पुन्हा माझ्या. कापडाच्या घरात जन्म गेलेली बाई, बोटांना सगळं कळायचं. त्यांचा चेहरा उजळला.

"माझ्यापरीस तुझी घट्ट झालीया गं," त्या म्हणाल्या. "बघा की वो, हिची जास्त झालीया! मी तरी अधेमधे बसतो."

आणि आप्पांकडे, भरतेशकडे, त्या परक्या बाईकडे बघत, भरल्या आवाजात म्हणाल्या, "गुणाची हाय माझी सून. एका वर्सात मला मागं टाकलं हिनं. सांग की तिला इंग्रजीत."

लग्न झाल्यापासून त्यांनी माझं कौतुक केलं ते पहिल्यांदा. त्यात एक थेंब कुचकेपणा नव्हता. त्या खरोखर मनापासून खूश झाल्या होत्या. आप्पांनी मला अडवलं तर मी भांडणार होते. भरतेश नाही म्हणाला असता तर काय बोलायचं तेही मी पाठ करून ठेवलं होतं. पण या घरानं मला कधी अडवलंच नव्हतं. मी आपणहून उठत होते, बाईंच्यापेक्षा जास्त वेळा, आणि मला त्यांचीच कीव येत होती!

"सांग की," सासूबाई पुन्हा म्हणाल्या. "लाजतीस काय?"

बिर्गिटे पेन धरून माझ्याकडे बघत होती.

"ही जागा माझी आहे," मी तिला इंग्रजीत म्हणाले. "पद्मजा मगदूम असं लिहा. मी कधी यायचं?"

"पुढच्या महिन्यात. जमेल?"

"जमेल."

सासूबाई समाधानानं मान हलवत होत्या. कौतुक पोचलं असं त्यांना वाटत होतं. भरतेशला इंग्रजी समजत होतं. त्यानं फोन खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे पाहिलं.

"आता काय म्हणाली ती?" आप्पांनी विचारलं. "आणि एवढं इंग्रजी झालं, घसा सुकला असंल बाईचा. चहा टाका की कोणतरी."

सासूबाई लगबगीनं वळल्या. मी त्यांच्या हाताला धरून त्यांना थांबवलं.

"पुढच्या महिन्यात या म्हणाली," मी आप्पांना सांगितलं. "मी हो म्हणून बसले."